झाकण उघडू नका, ताई

काकू, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. हौस म्हणून फेब्रुवारीत थर्माकोलच्या पेटीचं, बल्बवालं उबवणीचं मशीन घेतलं. पहिल्यांदा बाजारातल्या अंडीवाल्याकडून बटेरची ४८ अंडी आणून ठेवली. तीन पिलं निघाली, तीही आठवड्यात गेली. मग एप्रिलच्या शेवटी पुण्याकडच्या एका फार्मवरून ६० अंडी एसटीनं मागवली आणि आली त्याच संध्याकाळी मशीनमध्ये ठेवली. या वेळी एकोणिसाव्या दिवशी पहिलं पिलू निघालं, एकविसाव्यापर्यंत अकरा झाली. वीसेक अंड्यांना भोक पडलं होतं, पण पिलू बाहेर आलंच नाही. त्यातली दोन मी सोलून काढली, तर रक्त आलं आणि मेली. निघालेल्या अकरातली दोन पाण्याच्या बशीत बुडाली, दोघांचे पाय बेडकासारखे फाकले आणि तीही गेली. आता सात आहेत, आठ आठवड्यांची. चार नर, तीन माद्या. कण्या आणि ज्वारीची भरड घालते. माद्या अंडी द्यायला लागल्यात, पण एकीचं डोकं नरांनी पार सोलून काढलंय. सासूबाई म्हणतात, रवणीच्या अंड्यांना सारखा हात लावलास म्हणून असं झालं, पुढच्या वेळी माझ्या खुडूक कोंबडीखाली ठेव. मिस्टर म्हणतात, कर्ज काढू आणि हजार पक्ष्यांचा फार्म टाकू. माझं म्हणणं, आधी या तीन माद्यांची अंडी ठेवून बघू. पण ही सगळी भावंडंच ना? आणि जादा नरांचं काय करायचं? थोरली त्यातल्या एकाला गोट्या म्हणते, त्याचा विषय काढला की रडते.

– एक वाचक, बार्शी

ताई,

पत्रात तुम्ही आकडे लिहिलेत, म्हणून मी तुमच्यावर खूश आहे. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘पिलं निघत नाहीत, उपाय सांगा’ एवढंच असतं. किती अंडी, कुठली, कितव्या दिवशी काय झालं, काही नाही. तुमच्या पत्रात मात्र एक शब्द असा आहे की त्यावर निम्मं निदान होतं: एकोणिसाव्या दिवशी. त्याच्याकडे येतेच. आधी ती पहिली ४८ अंडी निकालात काढू.

बाजारातली अंडी खायची असतात. अंड्यांसाठी बटेर पाळणारा माणूस माद्यांच्या पिंजऱ्यात नर ठेवत नाही. नर खाद्य खातो आणि अंडं देत नाही, ठेवायचा कशाला? नराशिवाय दिलेल्या अंड्यात पिलू धरत नाही, मग मशीन लाखाचं असलं तरी. तुम्हाला तीन पिलं मिळाली म्हणजे त्या माणसाकडे कुठंतरी एखादा नर चुकून राहिला होता. त्या वेळचं अपयश खात्यावर धरूच नका. जाता जाता सांगते, आठवडी बाजारात कधी कुणी टोपलीत जाळं टाकून ‘रानातले लावे’ विकायला आणतं, ते घेऊ नका. रानातले लावे आणि तितर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. आपण पाळतो तो बटेर म्हणजे जपानी लावा. तो १९७४ च्या सुमाराला अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. हा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला पक्षी. इतका की अंड्यावर बसायचं असतं हेच त्याची मादी विसरून गेली आहे. अंडं देते आणि त्याच्यावर पाय देऊन पुढे निघून जाते. म्हणून मशीन लागतं.

आता एकोणिसावा दिवस. बटेरचं पिलू सतराव्या-अठराव्या दिवशी निघतं. तुमचं पहिलंच एकोणिसाव्याला आणि शेवटचं एकविसाव्याला, म्हणजे पेटीत अंड्यांना सुरुवातीपासून ऊब कमी पडली. तुम्ही म्हणाल, डिस्प्लेवर तर ३७.५ दिसत होतं. दिसत असणारच. त्या पेटीची तापमान मोजणारी सुई, म्हणजे सेन्सर, कुठं लोंबते ते बघा. बहुतेक झाकणापासून, बल्बच्या शेजारी लोंबत असेल. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर जाऊन बसते आणि अंडी खाली असतात. सुईला ३७.५ मिळतं, अंड्याला ३६ मिळतं, आणि पिलू बिचारं गारठत, रेंगाळत वाढतं.

पंख्याच्या मशीनला ३७.५ ते ३७.७ हा आकडा बरोबर आहे. तुमच्यासारख्या बिनपंख्याच्या पेटीत मात्र अंड्याच्या वरच्या टोकाशी ३८.३ च्या आसपास पाहिजे. हे मोजायला महागडं काही आणू नका. घरात तापाचा थर्मामीटर आहे ना? जुना काचेचा असेल तर उत्तम. पारा झटकून खाली आणा, अंड्यांच्या अगदी वर आडवा ठेवा, झाकण लावा, पाव तासानं बघा. ३८.३ म्हणजे फॅरेनहाइटचे १०१ जवळजवळ. पोराला १०१ ताप आला की आपण घाबरतो, बटेरच्या अंड्याला तेवढाच हवा. थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर मशीनचा आकडा दीड अंशानं वाढवा, चार तास जाऊ द्या, पुन्हा मोजा. हे सगळं अंडी ठेवायच्या आदल्या दिवशी, खोटी म्हणून कोंबडीची चार खायची अंडी आत ठेवून करायचं. काचेचा थर्मामीटर फुटला तर पारा अंड्यांवर सांडेल, तेव्हा तो आत कायमचा सोडू नका.

आणि पेटी कुठं ठेवलीत? पत्र्याच्या खोलीत असेल तर आज उचला. तुमच्याकडे एप्रिल-मेची दुपार ४२ वर जाते. पत्र्याखाली त्याहून जास्त. मशीनला गरम करता येतं, गार करता येत नाही. बल्ब बंद झाला तरी पेटी तापतच राहते. ऊब थोडी कमी पडली तर अंडं उशीर करतं, पण ४१ वर तास-दोन तास गेले तर सगळा घाणा मरतो. घरात जिथं दुपारी जमिनीवर पडावंसं वाटतं, ती जागा पेटीची.

आता खरी गोष्ट. साठातल्या वीस अंड्यांना भोक पडलं होतं. म्हणजे वीस पिलं पूर्ण वाढलेली होती, श्वास घेत होती, चोचीवरच्या त्या बारीक दातानं कवच फोडून बसली होती, आणि तिथंच अडकून मेली. फार्मवाल्यानं अंडी चांगली दिली, तुम्ही सतरा दिवस सांभाळली, आणि शेवटच्या दोन दिवसांत घालवली. कशानं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते: पहिलं पिलू निघाल्यावर झाकण उघडलंत. ते वाळलं म्हणून काढायला उघडलंत, मग दुसरं निघालं म्हणून उघडलंत, मग थोरलीला दाखवायला उघडलंत. अकरा पिलांना अकरा वेळा तरी.

मे महिना, बार्शीची हवा. बाहेरचा दमटपणा दुपारी कसाबसा २०-२५ टक्के. पेटीत जी काही ओल साठली होती ती झाकण उघडलं की फुस्स करून गेली. कवचाच्या आत जो पांढरा पापुद्रा असतो, तो ओला असेपर्यंत मऊ आणि ताणणारा असतो. वाळला की चर्मपत्र होतो आणि पिलाच्या अंगाला चिकटतो. पिलाला आत गोल फिरत फिरत कवच कापायचं असतं. चिकटलेलं पिलू फिरणार कसं? तुम्ही सोललीत ती दोन अंडी आठवा. पिसं ओली होती की कोरडी, पापुद्र्याला चिकटलेली? मला खात्री आहे, चिकटलेली होती. रक्त आलं ते त्या पापुद्र्यातल्या शिरांचं. पिलू अजून त्या शिरांतून रक्त ओढून घेत होतं, उरलेला बलक पोटात ओढत होतं. तुम्ही घाईनं दार काढलंत. भोक पाडल्यापासून बाहेर येईपर्यंत दहा-बारा तास गेले तरी ते नॉर्मल आहे.

म्हणून शेवटच्या तीन दिवसांचा नियम. चौदाव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, पंधराव्या दिवशी फिरवणं बंद, अंडी जाळीवर आडवी, पाणी भरून झाकण लावायचं आणि मग पिलं निघून वाळेपर्यंत उघडायचं नाही. मशीनवाले याला लॉकडाऊन म्हणतात. तो शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिलं पिलू आत चिवचिवत असू दे. ते उपाशी मरत नाही. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते एक दिवस, दीड दिवस आरामात काढतं, आणि त्याच्या चिवचिवाटानं बाकीच्यांना जोर येतो. चोवीस तासांनी सगळी एकदम काढा. थोरलीला काचेतून बघू द्या. पेटीला काच नसेल तर झाकणाचा एक तुकडा कापून तिथं पारदर्शक प्लास्टिक चिकटवा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तुमची निम्मी पिलं त्यानं वाचतील.

ओल किती? पहिले चौदा दिवस ५५-६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५-७५. पाण्याच्या बाबतीत लोक एक चूक हमखास करतात, तांब्याभर पाणी ठेवतात. पाणी किती खोल आहे याला अर्थ नाही, किती पसरलंय याला आहे. तांब्यापेक्षा ताटली बरी, ताटलीपेक्षा ताटलीत उभं केलेलं ओलं स्पंज बरं. पाणी भरायला झाकण उघडायला लागू नये म्हणून सलाईनची नळी भोकातून आत सोडा आणि बाहेरून इंजेक्शनच्या सिरिंजनं पाणी घाला. आणि दमटपणा दाखवणारा तो छोटा डबीसारखा मीटर आधी तपासून घ्या, स्वस्तातले खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरनं ७५ दाखवायला हवं. ६९ दाखवलं तर तो सहा कमी सांगतो, एवढं पेटीवर पेन्सिलीनं लिहून टाका.

पण ताई, हे आकडे घोकून पावसाळ्यात पाण्याच्या ताटल्या भरत बसू नका. मी ते करून बसले आहे. चिपळूणला बहिणीकडे जुलैत पहिल्यांदा अंडी ठेवली होती, तेव्हा पुस्तकात लिहिलंय म्हणून पहिल्या दिवसापासून दोन ताटल्या भरून ठेवल्या. बाहेर हवेत मुळातच नव्वद टक्के ओल. अंड्यातून पाणी उडून जायला हवं तेवढं गेलंच नाही, रुंद टोकाची हवेची पोकळी वाढली नाही, आणि पिलं आतल्या आत बुडाली. फोडून बघितली तर फुगलेली, ओलीचिंब, चिकट. तुमची वाळून मेली, माझी बुडून मेली. आता तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये ठेवणार असाल तर पहिले चौदा दिवस बहुतेक अर्धी ताटलीच पुरेल. मीटर बघूनच पाणी घाला.

सासूबाईंचं म्हणणं. त्यांना सांगा, त्या अर्ध्या बरोबर आहेत. शेवटच्या तीन दिवसांत हात लावायचा नाही, हे अगदी खरं. पण त्याआधी खुडूक कोंबडी स्वतः अंडी हलवत असते. रात्री बॅटरी घेऊन डालगं उचलून बघा, चोच पोटाखाली घालून एकेक अंडं उलटत असते. अंडं फिरवलं नाही तर गर्भ कवचाला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा, दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा अशासाठी की रात्रीची लांब झोप रोज त्याच कुशीवर होऊ नये. स्केचपेन वापरू नका, शाई कवचातून आत मुरते.

कोंबडीखाली ठेवायचं म्हणाल तर गावरान कोंबडी बटेरच्या अंड्याला भारी पडते. दहा-बारा ग्रॅमचं अंडं, कवच कागदासारखं. बसताना दोन फुटतात, त्याची घाण बाकीच्यांना लागते. अगदी लहान चणीची कोंबडी असेल तर होतं, पण कोंबडीची आणि बटेरची अंडी एकत्र ठेवू नका. बटेर अठरा दिवसांत निघतात, कोंबडीची पिलं एकवीस दिवसांत. पहिली पिलं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि स्वतःची अंडी सोडून देते. सासूबाईंचा जीव त्यात अडकेल.

एसटीनं आलेली अंडी त्याच संध्याकाळी ठेवलीत, ही एक बारीक चूक. तीन-चार तास खड्ड्यांतून आलेल्या अंड्यातली हवेची पोकळी हललेली असते. निमुळतं टोक खाली करून ट्रेमध्ये रात्रभर शांत राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी ठेवायची. आणि घरची अंडी गोळा करताना फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, फार गार होतात. मातीच्या माठाच्या शेजारी, सावलीत, ट्रेमध्ये, टोक खाली. आठवड्याच्या आत मशीनमध्ये गेली पाहिजेत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांतच. धुवायची नाहीत, अंड्यावर एक नैसर्गिक लेप असतो, तो गेला की घाण आत शिरते. विष्ठा लागलेलं अंडं ठेवूच नका, खाऊन टाका.

यापुढे पिलं निघून गेल्यावर उरलेली अंडी फेकू नका. हा माझा आवडता भाग आहे आणि घरातल्या कुणाला तो आवडत नाही. मागच्या अंगणात जुनं ताट घेऊन बसते, एकेक अंडं रुंद टोकाकडून फोडते आणि बाजूला ढीग करते. नुसता पिवळा बलक, काही नाही, म्हणजे वांझ. नर कमी पडला किंवा म्हातारा झाला. लाल रिंगण दिसलं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलं. अंडी जास्त दिवस साठवली, किंवा सुरुवातीला पेटीचं तापमान सैरभैर होतं. डोळे दिसणारं, अर्धं पिलू मधेच मेलेलं, म्हणजे बहुतेक आईबापांच्या खाद्यात खोट. पूर्ण पिलू, भोक नाही किंवा भोक पाडून अडकलेलं, म्हणजे ओल आणि झाकण. वास मारतो, तोंडाला फडकं बांधा, पण पाऊण तासात तुमचं मशीन तुम्हाला काय सांगतंय ते कळतं. बटेरच्या अंड्यावर इतके डाग असतात की मोबाईलच्या टॉर्चवर आतलं नीट दिसत नाही, त्यामुळे हेच खरं पुस्तक.

पिलांचं थोडक्यात. सुपारीएवढं पिलू, वजन सात-आठ ग्रॅम. बशीत पाणी दिलंत तर त्याच्यासाठी ती विहीर आहे. बाटलीच्या झाकणात पाणी आणि त्यात खेळातल्या काचेच्या गोट्या भरा, चोच जाईल, पिलू जाणार नाही. पाय फाकले ते बहुतेक खाली वर्तमानपत्र घातलं होतं म्हणून. गुळगुळीत कागदावर ती पहिल्याच दिवशी घसरतात आणि सांधे बाहेर जातात. खाली गोणपाट किंवा जाडंभरडं सुती फडकं घाला. तरी एखाद्याचे फाकलेच तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच चिकटपट्टीची बारीक पट्टी करून दोन्ही पाय दीड सेंटीमीटर अंतरावर बांधा, दोन-तीन दिवसांत सरळ होतात. तिसऱ्या दिवसानंतर काही उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात ३५-३७ अंश, मग आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिलांकडे बघा, बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, कोपऱ्यात पळाली तर तापलीत.

आणि कण्या, ज्वारीची भरड आता बंद. बटेर कोंबडीपेक्षा कितीतरी झपाट्यानं वाढतो, सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो, त्याला प्रथिनं तशी लागतात. पिलांना २४ टक्क्यांच्या वर, मोठ्यांना २० च्या आसपास. बटेरचं तयार खाद्य मिळालं तर छान. बार्शीत मिळालं नाही तर ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिलांचं पहिलं खाद्य, आणा आणि पिलांसाठी मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरवून बारीक करा. माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा त्याच खातात. ज्वारीवर वाढलेल्या मादीचं अंडं दिसायला अंडंच असतं. पिलू आत अर्धवट राहतं. म्हणून या तीन माद्यांची अंडी लगेच ठेवू नका. पहिली अंडी तशीही लहान येतात. दोन-तीन आठवडे चांगलं खाद्य घाला, दहा-अकरा आठवड्यांच्या झाल्या की गोळा करायला लागा. थंडीत दिवस लहान होतो तेव्हा अंडी कमी होतील. संध्याकाळी एक छोटा एलईडी लावून उजेड चौदा-पंधरा तासांवर न्या.

भावंडांची काळजी. ती साठ अंडी एका जोडप्याची नव्हती, फार्मवरच्या शेकडो पक्ष्यांची होती. तेव्हा तुमची सात सख्खी असतील असं नाही, पहिली पिढी बिनधास्त घ्या. अडचण पुढे आहे. यांच्या पिलांना आपसांत लावलंत, त्यांच्या पिलांना परत आपसांत, तर बटेरची जात कोंबडीपेक्षाही लवकर खालावते. दोन-तीन पिढ्यांत अंडी वांझ, पिलं नाजूक. म्हणून पुढच्या वर्षी नर दुसऱ्या फार्मवरून आणा, माद्या घरच्या ठेवा. नर बदललात तर जुन्याचं बीज मादीत आठ-दहा दिवस टिकतं, तेवढे दिवस अंडी खा, मग ठेवायला घ्या.

पिंजरा आज हलवा. तो कुठं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण सासूबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी असेल तर तिथून काढा. कोंबड्यांचे बरेच रोग बटेरला लागतात आणि कोंबडी स्वतः बरी दिसत असते. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा घराघरांतल्या परसातले पक्षीसुद्धा मारावे लागले होते, हे ज्यांनी बघितलंय ते पक्षी वेगवेगळे ठेवतात. पिंजऱ्याची उंची वीतभर-सव्वा वीतच ठेवा. दचकला की बटेर सरळ वर उडतो. मध्यम उंचीच्या पिंजऱ्यात वेग घेऊन डोकं फोडून घेतो.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि कर्ज काढू देऊ नका. हजार माद्या म्हणजे रोज सात-आठशे अंडी. बार्शीत ती रोज कोण घेणार? आठवडाभर पडली की शिळी. आधी या पेटीतून लागोपाठ तीन वेळा शंभरातली साठ पिलं काढून दाखवा. नीट चाललेल्या ठिकाणी साठ-सत्तर निघतात, त्याहून जास्त सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. मग पन्नास माद्या, आणि रोजची पस्तीस-चाळीस अंडी महिनाभर रोख पैशांत विकून बघा, सोलापूरच्या नाही, तुमच्याच तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला. उधारीवर गेलेली अंडी मोजायची नाहीत. ते जमलं तर तेव्हा मला पत्र लिहा, कर्जाचं बोलू. शिवणकाम मात्र तोपर्यंत सोडू नका.

राहिले नर. तीन माद्यांना चार नर म्हणजे त्या बिचाऱ्यांचे हालच. त्या जखमी मादीला आजच वेगळी काढा, डोक्यावर हळद-खोबरेल लावा, पिसं भरेपर्यंत तिच्याजवळ नर नको. तीन माद्यांना एकच नर पुरतो. जादा तीन वेगळ्या पिंजऱ्यात, आणि मग तुम्हाला काय करायचं ते तुम्ही जाणता. मी तरी कालवणच करते.

पण गोट्याला आधी हातात घ्या. शेपटीखाली, विष्ठा येते त्याच्या वरच्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ असते, ती हलकेच दाबा. पांढरा साबणासारखा फेस आला, दोन्ही पाय सरळ असले आणि बोटं वाकडी नसली, तर ठेवायचा नर तोच. थोरलीला सांगा, गोट्या बाप होणार आहे. फेस आला नाही, तर तिला अजून काही बोलू नका, दोन आठवड्यांनी परत दाबून बघा. काही नर उशिरा येतात.